नोड जेएस: प्रोसेस पडते आणि लॉगमधल्या नेमक्या शेवटच्या ओळीच गायब असतात

सर्व्हर रात्री कधीतरी पडतो, सुपरवायझर त्याला पुन्हा उभा करतो, आणि सकाळी लॉग उघडला तर शेवटची ओळ अगदी निरुपद्रवी असते: विनंती आली, उत्तर गेलं, ४२ मिलिसेकंद. त्याच्या खालची ओळ थेट ‘सर्व्हर सुरू झाला’. मधे काय घडलं त्याचा मागमूस नाही. कोडमध्ये कॅच ब्लॉक आहे, त्यात एरर लॉग करणारी ओळ आहे, ती चाललीही असणार. तरी फाईलमध्ये ती नाही.

हा प्रश्न मला वेगवेगळ्या प्रोजेक्टमध्ये, वेगवेगळ्या लॉगिंग लायब्ररींसोबत पुन्हा पुन्हा भेटला आहे. तो शोधायचा एक क्रम आता हाताशी बसला आहे, तोच इथे मांडतोय.

सुरुवातीलाच एक विनंती: लायब्ररी बदलायची घाई करू नका. विन्स्टन काढून पिनो घातलं, पिनो काढून साधं कन्सोल घातलं, असे फेरे मी पाहिले आहेत. चार दिवस बरं वाटतं आणि मग तीच तक्रार परत येते. ओळी कुठे हरवतात हे प्रोसेस कशी मरते यावर ठरतं. लायब्ररीचा वाटा त्यात असतो, पण तो नंतरचा.

आधी एक्झिट कोड बघा

लॉग बोलत नसेल तर एक्झिट कोड, म्हणजे प्रोसेस संपताना मागे ठेवते तो आकडा, बोलतो. तो लायब्ररीच्या हातात नसतो, त्यामुळे हरवतही नाही. शेलमध्ये, कंटेनरच्या स्थितीत किंवा प्रोसेस मॅनेजरच्या नोंदीत तो सापडतोच.

१ आला तर जावास्क्रिप्टमधलाच न पकडलेला एरर, किंवा कुणीतरी कोडमध्ये स्वतःहून एक्झिट म्हटलेलं आहे. १२८ च्या वरचा आकडा आला तर त्यातून १२८ वजा करा, उरेल तो सिग्नलचा (ऑपरेटिंग सिस्टिमकडून प्रोसेसला मिळणाऱ्या सूचनेचा) क्रमांक. १४३ म्हणजे १५, सिगटर्म: बाहेरून कुणीतरी नीट सांगून बंद केलं. १३७ म्हणजे ९, सिगकिल: न विचारता मारलं. १३४ म्हणजे ६, सिगअबॉर्ट: नोडमध्ये हे बहुतेकदा व्ही-एट या जावास्क्रिप्ट इंजिनची हीप मेमरी (ऑब्जेक्ट ठेवायची जागा) संपल्याचं लक्षण असतं. १३ हा कोड क्वचित दिसतो. ईएस मॉड्यूलमध्ये सर्वांत वरच्या पातळीवर अवेट केलेलं प्रॉमिस (ज्याच्या निकालाची वाट बघायची ते काम) कधी पूर्णच झालं नाही आणि इव्हेंट लूप (नोड राहिलेली कामं फेऱ्याफेऱ्यांनी उरकतो ते चक्र) रिकामा झाला, की तो येतो.

इथून पुढे वाटा फुटतात. आपला आकडा कोणता हे माहीत नसताना पुढचे उपाय करून बघण्यात अर्थ नाही.

कोड १: आपणच घाई केलेली असते

सर्वांत जास्त वेळा सापडणारं कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

माझ्याकडे एक आयात करणारी स्क्रिप्ट होती. रोज पहाटे एक मोठी फाईल वाचायची, प्रत्येक नोंद तपासायची, डेटाबेसमध्ये टाकायची. लॉगिंग विन्स्टनच्या फाईल ट्रान्सपोर्टमधून. आठवड्यातून एखाद्या दिवशी ती अर्ध्यात थांबायची. लॉगची शेवटची ओळ दर वेळी वेगळी, एरर एकदाही नाही. मी तीन दिवस डेटाबेसवर संशय घेत राहिलो. मग मुख्य फंक्शनचा कॅच ब्लॉक पुन्हा नीट वाचला. त्यात दोनच ओळी होत्या. पहिलीत लॉगरला एरर दिलेला. दुसरीत प्रोसेस डॉट एक्झिट, कंसात १.

दोष त्या दोन ओळींच्या मधल्या रिकाम्या जागेत होता. पहिली ओळ एरर फाईलमध्ये लिहीत नाही. ती एरर एका स्ट्रीमच्या हवाली करते, स्ट्रीम तो रांगेत ठेवते, आणि प्रत्यक्ष डिस्कवर लिहिण्याचं काम इव्हेंट लूपच्या पुढच्या फेऱ्यांमध्ये होतं. दुसरी ओळ मात्र त्या फेऱ्याच बंद करते. प्रोसेस डॉट एक्झिट अर्धवट असिंक्रोनस (मागाहून पूर्ण होणाऱ्या) कामांसाठी थांबत नाही, आणि नोडच्या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलेलं आहे. स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर या, प्रोसेसने मजकूर बाहेर टाकायच्या दोन ठरलेल्या वाटांवर लिहायच्या राहिलेल्या गोष्टीही त्यात येतात. म्हणजे एरर रांगेत उभा होता आणि मी दार लावून घेतलं होतं.

मी काय केलं? एक्झिटची ओळ काढली आणि तिच्या जागी प्रोसेसच्या एक्झिटकोड या गुणधर्माला १ ही किंमत दिली. मग डेटाबेसचं कनेक्शन बंद केलं आणि प्रोसेसला आपणहून संपू दिलं. करायला काहीच उरलं नाही की नोड स्वतः थांबतो आणि जाताना तोच कोड देतो. त्याच आठवड्यात एरर पहिल्यांदा फाईलमध्ये दिसला: एका नोंदीत तारखेच्या जागी रिकामी स्ट्रिंग आलेली होती. डेटाबेस बिचारा निर्दोष होता.

एक्झिटकोड देऊनही प्रोसेस संपतच नसेल तर काहीतरी उघडं राहिलं आहे: एखादा टायमर, सॉकेट, डेटाबेसचा कनेक्शन पूल. तेव्हा एक्झिट परत आणण्याचा मोह होतो. तो आवरा आणि उघडं काय आहे ते शोधा, कारण त्या एका ओळीखाली दोन दोष लपतात.

‘पण माझ्या लॅपटॉपवर तर सगळ्या ओळी दिसतात!’ ही तक्रार खरी असते. स्टँडर्ड आउटपुट कशाला जोडलेलं आहे यावर त्याची वागणूक बदलते. ते फाईलकडे वळवलेलं असेल तर नोड सिंक्रोनस लिहितो, म्हणजे लिहून झाल्याशिवाय पुढची ओळ चालत नाही. टर्मिनल आणि पाइप (एका प्रोसेसचं आउटपुट दुसरीला पोचवणारी नळी) यांचं वागणं ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे वेगळं असतं. तुम्ही टर्मिनलवर तपासता, सर्व्हरवर मात्र आउटपुट पाइपमधून दुसऱ्या प्रोसेसकडे जातं. लिनक्सवर पाइपची मूळ क्षमता ६५,५३६ बाइट असते. वाचणारा मागे पडला आणि पाइप भरला, की उरलेला मजकूर नोडच्या पोटात थांबतो आणि एक्झिटबरोबर जातो. म्हणून तुटलेल्या आउटपुटची लांबी एकदा मोजाच. ती ६५,५३६ च्या आसपास अडकली असेल, किंवा शेवटची जेसन ओळ मधूनच कापलेली असेल, तर दुसरीकडे शोधू नका.

खात्री करून घ्यायची असेल तर दहा मिनिटांचा प्रयोग आहे. एक छोटी स्क्रिप्ट लिहा. लूपमध्ये तुमच्याच लॉगरने १ ते १०,००० क्रमांकाच्या ओळी काढा, प्रत्येक ओळीत थोडा भरीव मजकूर घाला, आणि लूप संपल्यासंपल्या प्रोसेस डॉट एक्झिट करा. ती तीनदा चालवा: टर्मिनलवर, फाईलकडे वळवून, आणि पाइपमधून मुद्दाम सावकाश वाचणाऱ्या दुसऱ्या स्क्रिप्टकडे. तिन्ही वेळा शेवटचा क्रमांक लिहून ठेवा. मग एक्झिट काढून पुन्हा तीनदा. तुमच्या सेटअपमध्ये ओळी कुठे गळतात हे त्या सहा आकड्यांत समोर येतं. दुसऱ्याच्या मशीनवरच्या अनुभवापेक्षा तुमच्या मशीनवरचे हे सहा आकडे जास्त खरे.

विन्स्टनमध्ये बंद होताना थांबायचंच असेल तर लॉगरवर एंड म्हणा आणि ‘फिनिश’ इव्हेंटची वाट बघा. मात्र लॉगरचा फिनिश आला म्हणजे फाईल ट्रान्सपोर्टचं लिहून झालंच असं धरून चालू नका. ट्रान्सपोर्टच्या फिनिशवरही थांबा, आणि तुमच्याकडच्या आवृत्तीत ते खरंच पुरतं का हे वरच्याच प्रयोगाने बघा. पिनोचं गणित वेगळं आहे. त्याचं डेस्टिनेशन मुळात सिंक्रोनस असतं. तुम्ही वेगासाठी सिंक हा पर्याय बंद केलात तरच ओळी बफरमध्ये साचतात, आणि ‘मिनलेंग्थ’ ४०९६ दिली असेल तर तेवढे बाइट जमेपर्यंत त्या तिथेच राहतात. सातव्या आवृत्तीपासून पिनोचे ट्रान्सपोर्ट वर्कर थ्रेडमध्ये चालतात. तिथे ओळ आधी दुसऱ्या थ्रेडकडे जाते आणि मग बाहेर पडते. प्रोसेस नीट संपत असेल तर पिनो बफर रिकामं करायचा प्रयत्न स्वतः करतो. नीट संपत नसेल तर त्याला तशी संधीच मिळत नाही. ते पुढे येतंच आहे.

सिंक का बंद केलं होतं, हा प्रश्न टीममध्ये एकदा विचारून बघा. मला बहुतेक ठिकाणी ‘कुठेतरी वाचलं होतं’ एवढंच उत्तर मिळालं. ज्या सर्व्हरवर सेकंदाला काही डझन ओळी निघतात तिथे त्या पर्यायाने काही वाचत नाही, आणि जेव्हा लागतो तेव्हाच पुरावा मात्र जातो.

न पकडलेले एरर

कुणी एक्झिट म्हटलेलं नाही, तरी कोड १ आहे. मग एरर कुणीच पकडला नाही. इथे एक जुना बदल लक्षात ठेवा: २०२० मध्ये आलेल्या नोड १५ पासून, रिजेक्ट झालेलं प्रॉमिस कुणी हाताळलं नाही तर प्रोसेस पडते. त्याआधी फक्त सूचना छापली जायची. जुन्या आवृत्तीवरून थेट वर आलेले प्रोजेक्ट ‘काही न बदलता’ पडायला लागतात ते यामुळे.

अशा वेळी नोड पडण्याआधी स्वतःच एररचा पूर्ण स्टॅक (एरर कोणकोणत्या फंक्शनमधून आला त्याची यादी) स्टँडर्ड एररवर छापतो. पुरावा तयार होतो, पण तो लॉगिंग लायब्ररीच्या फाईलमध्ये जात नाही, कारण लायब्ररीला त्यातलं काही माहीतच नसतं. कितीतरी सेटअपमध्ये लायब्ररीची फाईल जिवापाड सांभाळलेली असते आणि प्रोसेसचा स्टँडर्ड एरर कुणी साठवतच नाही. या लेखातला एकच उपाय करायला वेळ असेल तर हा करा: स्टँडर्ड एरर कुठेतरी टिकेल अशी सोय.

अनकॉटएक्सेप्शन या, न पकडलेल्या एररच्या इव्हेंटवर हँडलर लावून त्यात लॉगर वापरण्याची पद्धत सर्रास दिसते. हँडलर लावला की नोडचं मूळ वागणं बंद होतं: तो स्टॅक छापत नाही आणि प्रोसेस पाडतही नाही. ती जबाबदारी तुमच्यावर येते. मग लोक हँडलरच्या शेवटी एक्झिट लिहितात आणि आपण पुन्हा पहिल्याच खड्ड्यात. त्यापेक्षा अनकॉटएक्सेप्शनमॉनिटर हा इव्हेंट वापरा. त्यात एरर बघता येतो, नोडचं पडणं मात्र जसंच्या तसं राहतं. आणि तिथे लिहायचं ते फाईल सिस्टिम मॉड्यूलच्या राइटसिंकने थेट लिहा. लॉगरमधून जाऊ नका. एक्झिट इव्हेंटच्या हँडलरलाही हाच नियम लागू: तिथे फक्त सिंक्रोनस काम होतं, अवेट लिहिलं तरी त्याच्या पुढची ओळ कधी चालत नाही.

१४३ आणि १३७: बाहेरून बंद केलं जातं तेव्हा

सिगटर्मवर तुम्ही हँडलर लावलेला नसेल तर नोड तिथल्या तिथे संपतो. एक्झिट इव्हेंटही येत नाही. मघाशी म्हटलं की पिनोला संधी मिळत नाही, ते इथे. नवीन आवृत्ती चढवताना दर वेळी शेवटच्या काही ओळी जात असतील तर कारण बहुधा हेच.

हँडलरमधला क्रम महत्त्वाचा. आधी सर्व्हरवर क्लोज म्हणा, म्हणजे नवीन विनंत्या थांबतील. चालू विनंत्या पूर्ण होऊ द्या. मग डेटाबेस बंद करा, आणि लॉगर अगदी शेवटी. लॉगर आधी बंद केला की डेटाबेस बंद होताना आलेला एरर सांगायला कुणी उरत नाही. सोबत एक टायमर ठेवा, ठरल्या सेकंदांत काम उरकलं नाही तर सक्तीने बाहेर पडणारा, आणि त्याला अनरेफ करा, म्हणजे त्या टायमरमुळेच प्रोसेस अडून राहणार नाही. सेकंद किती? कंटेनर चालवणाऱ्या साधनांपैकी डॉकर स्टॉप मूळ सेटिंगनुसार १० सेकंद वाट बघून सिगकिल पाठवतो, कुबरनेटीस ३० सेकंद. टायमर त्याच्या आतला हवा.

हँडलर लावूनही १३७ येत असेल तर सिग्नल पोचतोय का ते बघा. कंटेनरमध्ये एनपीएम स्टार्टने किंवा शेलमधून सर्व्हर चालू केला की पहिल्या क्रमांकाची प्रोसेस नोड नसते, आणि सिगटर्म मधेच जिरतो. दहा सेकंद शांतता आणि मग सिगकिल. डॉकरफाईलमध्ये कमांड अ‍ॅरेच्या रूपात लिहून थेट नोडच चालवा, किंवा कंटेनर इनिट पर्यायासह सुरू करा. ओळखायची खूण सोपी आहे: कंटेनर थांबवताना दर वेळी घड्याळ लावल्यासारखे दहा सेकंद जातात.

बंद करायला कुणी सांगितलंच नव्हतं आणि तरी १३७ आला, तर कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, मेमरी संपत आल्यामुळे मारलेलं असू शकतं. डॉकर इन्स्पेक्टच्या स्थितीत ‘ओओएमकिल्ड’ ही नोंद बघा. सिगकिल पकडता येत नाही, त्यामुळे तिथे बफरमध्ये जे होतं ते गेलंच.

१३४ बद्दल थोडक्यात: हीप संपल्याचा संदेश व्ही-एट स्वतः स्टँडर्ड एररवर टाकतो. तुमचं जावास्क्रिप्ट त्या क्षणी चालतच नसतं, म्हणून कोणताही हँडलर उपयोगी नाही. स्टँडर्ड एरर साठवा, आणि मेमरी कुठे वाढतेय ते शोधा. मॅक्स ओल्ड स्पेस साइझ वाढवल्याने फक्त पुढची वेळ लांबते.

ओळ आहे, पण एररच्या जागी रिकामा महिरपी कंस

हा भाऊबंद प्रश्न. सगळं दुरुस्त केलं, ओळ फाईलमध्ये आली, ‘आयात अयशस्वी’ हा संदेशही आला, आणि एरर या नावापुढे उघडणारा आणि मिटणारा महिरपी कंस. आत काही नाही.

कारण भाषेतच आहे. एरर ऑब्जेक्टचे मेसेज आणि स्टॅक हे गुणधर्म गणतीत न येणारे असतात, आणि जेसन स्ट्रिंगिफाय फक्त गणतीत येणारे गुणधर्म उचलतो. कन्सोल लॉग मात्र एरर ओळखून पूर्ण स्टॅक दाखवतो, म्हणून लॅपटॉपवर हे कधी लक्षात येत नाही. पिनो एररसाठी खास सिरियलायझर (ऑब्जेक्टला लॉगमध्ये लिहिण्याजोगं रूप देणारं फंक्शन) वापरतो, पण मूळ सेटिंगमध्ये तो ‘ई-आर-आर’ या तीन अक्षरी नावालाच लागतो. तुम्ही पूर्ण ‘एरर’ असं नाव दिलंत की हाती रिकामा कंस. शिवाय पिनोमध्ये ऑब्जेक्ट आधी आणि संदेश नंतर. उलट लिहिलं आणि संदेशात त्यासाठी जागाखूण नसेल, तर एरर गुपचूप वगळला जातो. विन्स्टनमध्ये फॉरमॅटच्या साखळीत एरर्स हा फॉरमॅट घालून त्याला स्टॅकचा पर्याय चालू करून द्यावा लागतो.

लायब्ररी बदलणाऱ्यांसाठी आणखी एक: पिनोमध्ये फेटल ही पातळी आहे, विन्स्टनच्या मूळ पातळ्यांत ती नाही. तिथल्या सात पातळ्या एररपासून सुरू होऊन सिलीपर्यंत जातात. जुन्या कोडमधलं फेटलचं बोलावणं तसंच राहिलं तर कॅच ब्लॉकच्या आत नवा टाइपएरर उडतो आणि मूळ एरर त्याच्याखाली गाडला जातो. अख्ख्या कोडमध्ये फेटल शोधून बघा.

दुरुस्त झालं हे कसं ठरवायचं

प्रोसेस खरोखर मारून बघा, तीही सर्व्हरवर चालते तशाच मांडणीत: तोच कंटेनर, तोच पाइप. मी चाचणीसाठी एक वेगळा मार्ग ठेवतो, जो फक्त चाचणीच्या वातावरणात उघडतो. त्यावर विनंती आली की कोड आधी एक क्रमांकित ओळ लॉग करतो आणि मग टाइमआउटच्या आतून एरर फेकतो, म्हणजे तो कोणत्याच कॅचमध्ये अडकत नाही. प्रोसेस पडल्यावर तीन गोष्टी बघतो: ती क्रमांकित ओळ आली का, एररचा स्टॅक कुठे साठला का, आणि एक्झिट कोड १ आला का. मग सर्व्हर पुन्हा चालू करून, विनंत्यांचा मारा सुरू असताना सिगटर्म पाठवतो, आणि ‘लॉगर बंद करत आहे’ ही ओळ शेवटची आहे ना ते तपासतो. तिसऱ्या वेळी सिगकिल. तिथे काही ओळी जाणारच. किती जातात ते मोजून ठेवतो: सिंक्रोनस लिहिताना एखादी, बफर असताना कधी कधी चाळीस-पन्नास. तो आकडा टीमसमोर ठेवला की सिंक चालू ठेवायचं की बंद, यावरची चर्चा पाच मिनिटांत संपते.